स्पीकरचे पाय

सातवीत मी तीन वर्षं बसलो. चौथ्या वर्षी मास्तरच म्हणाले, आता ऊठ, बाक दुसऱ्या कुणाला तरी लागेल. तिथून उठलो तो लालबागला डंखावर येऊन उभा राहिलो, तो अजून उभाच आहे. डंख म्हणजे मसाला कुटायचं मशीन. लोखंडी मुसळं रांगेत वरखाली होतात, खाली मिरची, धणे, खोबरं. बायका घरून सगळं भाजून आणतात, नंबर लावतात, मी कुटून देतो. आवाज इतका की शेजारच्याला ‘बाजूला हो’ म्हणायचं तर ढकलावंच लागतं.

एवढी वर्षं तो आवाज खाल्ल्यावर कान कसे राहणार? बायको काहीतरी विचारायची आणि मी भलतंच उत्तर द्यायचो. शेवटी ती मला धरून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथे एका काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मला परीक्षा म्हटलं की घाम फुटतो. आयुष्यात एका तरी परीक्षेत पास व्हायचं म्हणून मी दणादण बटण दाबत सुटलो. डॉक्टर बाई दार उघडून म्हणाल्या, “काका, मी अजून सुरूच केलेलं नाही.”

मग खरी परीक्षा झाली. त्यात मी माझ्या सवयीप्रमाणे नापास झालो. बाई म्हणाल्या, बारीक आवाज गेलेत, ते काही परत यायचे नाहीत. जे शिल्लक आहेत ते सांभाळा, कामावर कानात बोळे घाला. मी घरी येताना गप्प होतो. बायकोला वाटलं, ऐकूच आलं नाही याला. ऐकू आलं होतं. म्हणूनच गप्प होतो.

आणि त्याच महिन्यात मला स्पीकर मिळाले.

गिरगावात आमचं एक जुनं गिऱ्हाईक. दर वर्षी पाच किलो मसाला त्यांच्या घरी पोचवायचा मान माझा. त्यांच्या बिल्डिंगचं काम निघालं होतं, सामान काढत होते. कोपऱ्यात दोन लाकडी खोकी, कमरेला लागतील एवढी उंच. मी विचारलं, “ही कपाटं टाकताय का?” घरातल्या बाई हसल्या. म्हणाल्या, “कपाटं नाहीत, स्पीकर आहेत. यजमानांचे. ते गेल्यावर कुणी लावलेच नाहीत. नेताय? पण विकायचे नाहीत हं. ऐकायचे.” सोबत त्यांचा अँप्लिफायरपण दिला. मी टॅक्सीत मागच्या सीटवर दोघांना बसवलं आणि स्वतः पुढे बसलो.

त्या दिवशी मी तबल्याचं एक रेकॉर्डिंग मोबाइलवरून लावलं आणि डग्ग्याची पहिली थाप पडली ना, मी खाली बसलो. तसाच. दिवसभर धाडधाड ऐकणारा माणूस मी, मला वाटायचं जाड आवाज म्हणजे मार. हा मार नव्हता. पोटाला कुणीतरी तळहात लावून ‘बरा आहेस ना’ विचारावं तसं होतं. आणि तेवढे जाड आवाज माझे शाबूत होते! बायको चहा घेऊन आली तर मी डोळे पुसत होतो. ती म्हणाली, “मिरची गेली वाटतं.” मी हो म्हणालो.

तिसऱ्या दिवशी खालच्या काकी वर आल्या.

आमची चाळ जुनी. भिंती विटांच्या, पण जमीन लाकडी फळ्यांची, वरून मेणकापड. माझी जमीन म्हणजे खालच्या काकांचं छत. काका साचेखात्यात फिटर होते, गिरणी होती तोवर. मागाला तिथे साचा म्हणत. शेकडो साचे एका छपराखाली धडधडायचे, त्यात काकांचे कान पार गेले. पण साचेखात्यातली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची, ती विद्या काकांची अजून पक्की आहे. गॅलरीत बसून समोरच्या चाळीतली भांडणं ते आम्हाला भाषांतर करून सांगतात.

काकी म्हणाल्या, “तुझा तो ढोल लागला की माझ्या तांब्यावरचं फुलपात्र वाजतं. टिणटिणटिणटिण. देवपूजा करते की शाळा सुटली, कळत नाही.”

मी आवाज कमी केला. दुसऱ्या दिवशी काका स्वतः जिना चढून आले. मी ओठ मोठे करून म्हणालो, “काका, आवाज कमी केलाय.”

“आवाज? माका आवाज खंय ऐकाक येता?” काका म्हणाले. “खाट हलता मेल्या, खाट! दुपारी वायच आडवो झालंय तर माका वाटला, गिरणी चालू झाली. उठून डबो शोधूक लागलंय.”

बहिऱ्या माणसाने ज्याच्या आवाजाची तक्रार केली असा सबंध लालबागात मी एकटाच.

आता आवाज हवेतून जात नाहीये, जमिनीतून जातोय, एवढं माझ्यासुद्धा डोक्यात शिरलं. म्हणजे स्पीकर जमिनीपासून उचलले पाहिजेत. मी गेलो थेट स्पीकर-बिकर विकणाऱ्या एका दुकानात. आत एसी, अंधार, कोच. विक्रेता शांत माणूस, चष्म्याच्या वरून बघणारा. मी म्हणालो, “स्पीकरला पाय पाहिजेत.”

“स्पीकर कोणता?”

“लाकडी.”

“वजन किती?”

“भरपूर.”

“घरातली जमीन कसली आहे?”

“चांगली आहे.”

त्याने चष्मा काढून पुसला. मग समजावून सांगितलं, की पाय दोन जातीचे. एक काट्याचे, टोकदार. ते स्पीकरला जमिनीत घट्ट रोवतात. खाली सिमेंट किंवा दगड असेल तर ते बरे. दुसरे रबराचे, ते हादरा आपल्या पोटात ठेवतात, खाली जाऊ देत नाहीत. ते मात्र वजन बघूनच निवडायचे. “तुमच्याकडे लाकडी जमीन असेल तर काटे अजिबात घेऊ नका. हादरा सरळ खाली उतरेल.”

इतकं स्वच्छ सांगितलं त्याने. पण ते काटे होते सोनेरी. काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवलेले, आठ छोटे कळस जसे. आणि रबरी पाय बघितले तर काळे, गोल, गॅस सिलिंडरखाली घालतात तसे. मी म्हटलं, घरी येणाऱ्याला काय दाखवू? रबर?

“सोनेरीच द्या,” मी म्हणालो.

“जमीन लाकडी नाही ना?”

“छे!”

असा मी. सातवी उगाच नाही राहिली माझी.

घरी येऊन प्रत्येक स्पीकरला चार-चार कळस फिरवले. काट्यावर एक चकती असते, ती आवळून ठेवायची असते, म्हणजे काटा ढिला होत नाही. ती चकती मला शोभेची वाटली, तशीच सोडली. दोन दिवस फुलपात्र आधीपेक्षा जोरात वाजलं. तिसऱ्या दिवशी ढोलकीची एक जुगलबंदी लावली होती, अगदी रंगात आली होती, आणि स्पीकर डावीकडे कलला. मी बघतो तर एक काटा गायब. मेणकापडाला भोक, त्याखाली दोन फळ्यांच्या मधे फट.

पाच मिनिटांत काकी दारात. हातात चमचा, चमच्यात माझा सोनेरी कळस, त्यातून सोलकढी ठिबकत होती.

“यांच्या वाटीत पडला,” काकी म्हणाल्या. “हे म्हणतात, गो, आज कढीत काय घातलंस, दाताला लागतंय.”

माझी बायको हसत नव्हती. तिने काकींना बसवलं, पाणी दिलं, चमचा धुतला. काकी गेल्यावर ती मला शांतपणे म्हणाली, आणि ती शांत झाली की मी घाबरतो, “हे बघा. आज कढीत पडलं, उद्या काकांच्या डोळ्यात पडेल. या रविवारी सकाळी काकी तांब्या-फुलपात्र मांडून बसतील. तुम्ही वरती लावायचं, रोज लावता तेवढंच, कमी नाही. फुलपात्र वाजलं तर स्पीकर माझ्या भावाकडे. त्याची क्वार्टर्समधली जमीन सिमेंटची आहे.”

“आणि नाही वाजलं तर?”

“तर राहू देत. मी परत शब्द नाही काढणार.”

तिचा भाऊ अँटॉप हिलला राहतो. ही बातमी तिथे माझ्याआधी पोचली. संध्याकाळी त्याचा फोन. “भावोजी, उंची किती हो त्यांची? नाही, सहज. कोपरा मोकळा केलाय.” दुसऱ्या दिवशी परत. “भावोजी, तब्येत कशी आहे?” माझी नाही, स्पीकरची. माणूस आजारी असताना जमिनीचे वारस यावेत तसा तो रोज चौकशी करायचा. मला झोपेत दिसायचं, तो माझ्या डग्ग्यावर डोकं ठेवून बसलाय.

मला ते स्पीकर द्यायचे नव्हते. कान राहिलेत किती दिवस, माहीत नाही. तेवढे दिवस तरी काहीतरी चांगलं ऐकायचं होतं. हे मी कुणाला बोललो नाही, कारण माझ्या तोंडून असं काही निघालं की लोक पुढच्या विनोदाची वाट बघत थांबतात.

मग डोकं चालवलं. आमच्या डंखाखाली रबराचे जाड ठोकळे आहेत. ते काढले तर शेजारच्या दुकानातल्या बरण्या चालायला लागतील. मी विचार केला, जो ठोकळा डंख गप्प करतो तो स्पीकरला काय ऐकणार? हत्तीला आवरणारा माहुत बकरी सहज आवरेल. मालकाकडे जुने आठ पडून होते. ते घेतले, घासून धुतले, काटे काढून टाकले आणि ठोकळे स्पीकरखाली सरकवले.

बुधवारी लावून बघितलं. खालून काकींचा आवाज, “टिणटिणटिण चालूच आहे रे!”

मी खाली गेलो. काका खाटेवर बसले होते, तळहात खाटेच्या फळीवर. मी ठोकळा दाखवला. त्यांनी हातात घेतला, अंगठ्याने दाबला, दातओठ खाऊन दाबला, आणि इतके हसले की काकींना पाठ चोळावी लागली.

“ह्यो कसलो रबर? ह्यो दगड तुझ्या स्पीकराक!” ते म्हणाले. मग गादीवर हात मारला. “ही गादी बघ. हेच्यार मांजर बसला तर गादी दबतली काय?”

मी मान हलवली, नाही.

“मांजराक ती फळीच. आणि तू बसलंस तर?” त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. “तू बसलंस तर सरळ खाटेक लागतलंस. तुकाही फळीच. गादी ज्येच्या वजनाची त्येच्यासाठी गादी. रबराचा तसाच. वायच दबाक होयो. पुरो दबाक नको, अजिबात न दबलो तरी कामाचो नाय. साचो बसवताना आमी आधी वजन बघू, मगे पाय. तुझ्या खोक्याचा वजन किती?”

मी तेच सांगितलं. “भरपूर.”

काकांनी कपाळावर हात मारला. कान गेलेल्या माणसाला माझं उत्तर दिसायलासुद्धा नको होतं.

“आणि नुसता वजन नाय,” ते म्हणाले. “पुढे लोहचुंबक असतला, जड. पुढच्या पायांर भार जास्ती. पुढचा येगळा तोल, मागचा येगळा. समजला?”

समजलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला गादी आणि मांजर घेऊन शिकवलं. मास्तरांनी असं शिकवलं असतं तर आज मी आठवी असतो.

पण एवढं मोठं खोकं तोलायचं कुठे? घरातला काटा डाळ-तांदळाचा. मोठा काटा एकच मला माहीत, आमच्या डंखावरचा. गुरुवारी सकाळी एक स्पीकर खांद्यावर घेऊन निघालो. मे महिना, मसाल्याचे दिवस, आमच्या गल्लीत बायकांची रांग कोपऱ्यापर्यंत. नाक्यावरचा एक म्हणाला, “काय रे, मंडळाचा डीजे तूच काय?” रांगेतली एक मावशी पदर नाकाला लावून विचारते, “दादा, हे काय कुटायला आणलं?”

“लाकूड आहे मावशी. बारीक कुटून देतो.”

“ते नंतर हो. आधी माझी मिरची. सकाळी सहापासून नंबर लावलाय मी.”

मालकाने कपाळाला आठ्या घातल्या, पण काटा दिला. एक बाजू काट्यावर, दुसरी विटेवर, काकांनी सांगितलं तसं. पुढची बाजू साडेआठ किलो. मागची साडेपाच. मी मालकाकडून खडू घेतला आणि हातावर लिहिलं, पाण्याने पुसू नये म्हणून दिवसभर तो हात धुतला नाही. त्या हाताने डोळा चोळला तेव्हा आठवलं की मी कुठे काम करतो. दुपारपर्यंत स्पीकर चाळणीच्या बाजूला ठेवला होता. हे वाक्य लक्षात ठेवा, मी तेव्हा ठेवलं नाही.

संध्याकाळी परत त्या एसी दुकानात. डोळा लाल, हात खडूचा. चष्मेवाल्याने मला ओळखलं.

“वजन चौदा किलो,” मी म्हणालो. “पुढे साडेआठ, मागे साडेपाच. जमीन लाकडी. फळ्यांत फट आहे. मी खोटं बोललो होतो.”

माणूस खुर्चीतून उठला. देवाशपथ उठला. “कुणी तोललं?”

“मीच. मिरचीच्या काट्यावर.”

“इथे येणारे दहातले नऊ जण वजन सांगत नाहीत,” तो म्हणाला. “पुढचं-मागचं वेगळं तर कुणीच नाही. कुठे शिकलात?”

मी छाती काढून म्हणालो, “साचेखात्यात.” गेलो नाही मी कधी साचेखात्यात. पण श्रेय काकांचं म्हणून सांगितलं.

त्याने एक पेटी काढली. छोटे रबरी पाय, पालथ्या वाटीसारखे, मधे पोकळ. रंग वेगवेगळे, जसं वजन तसा रंग. पुढच्यांसाठी लाल, मागच्यांसाठी निळे. त्याने एक लाल पाय माझ्या तळहातावर ठेवला आणि अंगठ्याने दाबायला लावला. दबला, आणि अंगठ्याला हळूच वर उचललं. गाल दाबल्यासारखं. “जास्त वजनाचा पाय घेतला तर दबणारच नाही,” तो सांगायला लागला. मी म्हणालो, “मांजर.” तो म्हणाला, “काय?” मी म्हणालो, “काही नाही, चालू द्या.” त्याने सोनेरी काटे परत घेतले. सात. आठव्याला अजून कढीचा वास होता, तो मी ठेवून घेतला.

शनिवारी पाय बसवायचे. काका म्हणाले, मी बघतंय, आणि पाट घेऊन वर येऊन बसले. स्पीकर उलटा करायचा, खालचा भाग ओल्या फडक्याने पुसायचा, वाळू द्यायचा, पायाखालचा कागद काढून चिकटवायचा आणि मोजून साठपर्यंत दाबून धरायचा. मी एवढ्या मनापासून केलं की साठ दोनदा मोजले, मधे चव्वेचाळीसनंतर काय येतं ते विसरलो म्हणून. पहिला स्पीकर झाला. सरळ उभा केला. मस्त दिसत होता. काका त्याच्याकडे बघत राहिले.

“झिला,” ते म्हणाले, “ह्येच्या डोक्याक पाय लावलंस.”

बघितलं तर खरंच. छोटा गोल खाली, मोठा गोल वर, आणि ज्या पट्टीवर कंपनीचं नाव ती शीर्षासनात. पुसायला फडकं आणायला गेलो तेव्हा मी मधे एकदा स्पीकर फिरवला होता. कशाला फिरवला, ते मला आजही माहीत नाही. बायको आतून डोकावून म्हणाली, “काय झालं?” काका तिचे ओठ बघून म्हणाले, “काय नाय गो, योगासना चलली हत.” चारही पाय ओढून काढायला दोन तास गेले. शेवटी काकांनी दोऱ्याने कापून काढले, साचेखात्यातला दोरा जसा ओढतात तसा, आडवा, न घाई करता. नवा गोंद लावून परत, या वेळी पायाला पाय.

आमच्या फळ्यांना उतार आहे, म्हणून स्पीकरच्या डोक्यावर गोटी सोडून बघितली. गोटी सरळ दाराकडे पळाली. मग उताराच्या बाजूला मेणकापडाखाली पत्त्यांचा एक-एक पत्ता सरकवत गेलो. तीन पत्ते घातल्यावर गोटी थांबली. जोकरही त्यात गेला. बायको म्हणाली, “बरोबर जागी गेला.”

रविवार. साडेदहा. मेहुणा हजर, हातात सुतळीचा मोठा गुंडा, खाली त्याचा टेम्पो उभा. मला म्हणाला, “भावोजी, वाईट वाटून घेऊ नका हं,” आणि स्पीकरच्या कोपऱ्यावरची धूळ रुमालाने पुसली. स्वतःचीच वस्तू असल्यासारखी. खाली काकी तांब्या-फुलपात्र मांडून, काका खाटेवर तळहात टेकून. दारं उघडी, गॅलरीत अर्धी चाळ.

मी बटण फिरवलं. रोज लावतो तेवढंच. तबला. बारीक सुरुवात, मग डग्गा.

पहिली थाप पडली आणि स्पीकरच्या पुढच्या गोल भोकातून फस्सकन लाल ढग बाहेर आला.

चाळणीच्या बाजूला ठेवलेला तो स्पीकर. अर्ध्या दिवसाची मिरची त्याच्या पोटात जाऊन बसली होती. मेहुणा अगदी समोर उभा होता, त्याला पहिली सलामी मिळाली. त्याने अशी एक शिंक दिली की हातातली सुतळी उडून गॅलरीत गेली. मग बायको, मग मी, मग दारातले सगळे. आम्ही शिंकतोय, पाय आपटतोय, डोळे मिटून एकमेकांना धडकतोय, आणि प्रत्येक थापेला आणखी एक ढग.

खालून काकींचा जोरात आवाज. “वाजलं! वाजलं रे फुलपात्र!”

“ते आम्ही... हाऽऽक्छी... ते आम्ही नाचतोय!” मी ओरडलो.

मेहुणा डोळ्यातून पाणी काढत म्हणाला, “वाजलं म्हणाल्या त्या. भावोजी, सुतळी द्या.”

“शिंका संपू देत!” बायको म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. लाल नाक, लाल डोळे, आणि ती माझ्या बाजूने बोलत होती. “परत लावा. कुणी हलायचं नाही.”

सगळे भिंतीला टेकून उभे राहिले. मी परत सुरुवातीपासून लावलं. डग्गा आला. या वेळी ढग नाही, नुसता तो घुमारा. एक आवर्तन झालं, दोन झाली. खाली शांत. मी घाबरून आवाज जरा वाढवला. तरी शांत. माझ्या तळव्यांखाली फळ्या नुसत्या फळ्या होत्या.

“काकी!” मी ओरडलो. “वाजतंय का?”

“काय वाजतंय?” काकी म्हणाल्या. “नुसता तुझा तबला ऐकू येतोय.”

गॅलरीत शिट्ट्या. मेहुणा सुतळी गुंडाळायला लागला. बायकोने त्याला चहा दिला, आणि तो प्यायला चांगला तास घेतला त्याने, स्पीकरच्या समोर बसून. जाताना म्हणाला, “भावोजी, महिन्यातून एकदा येत जाऊ का? ऐकायला?” मी म्हणालो, ये की, पण रुमाल आण.

पण त्याआधीच, त्याचा चहा चालू असताना, काका जिना चढून आले, दम लागलेला, चेहरा पडलेला. “लावक नाय काय?” ते म्हणाले. “खाट गप आसा.”

मी ओठ मोठे करून सांगितलं, लावलंय, चालू आहे. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी स्पीकरच्या लाकडावर तळहात ठेवला. मग काकांचं बोट हळूहळू हलायला लागलं. तालावर. चुकत नव्हतं. त्यांनी पाट ओढला, बसले, दोन्ही हात स्पीकरच्या डोक्यावर ठेवले आणि हातांवर गाल टेकला. डोळे मिटले. डोळे न उघडताच म्हणाले, “हय येता रे. गालात येता.”

या वेळी बायकोला मिरची गेली.

आता दर रविवारी काका येतात. पाट आमच्याकडेच ठेवलाय. तबला असो, पखवाज असो, उजव्या स्पीकरवर हात, हातांवर गाल, अर्धा तास.

आणि दुसऱ्याच रविवारी खालून काकी ओरडल्या, “टिणटिणटिण! परत सुरू झालं!”

मी वेड्यासारखे पाय तपासले. लाल जागेवर, निळे जागेवर. पत्ते, जोकर, सगळं बरोबर. मग काका उठले तर आवाज बंद. बसले तर टिणटिण. एवढे तोलून-मापून आणलेले पाय, त्यांच्यावर काकांच्या डोक्याचा आणि दोन हातांचा भार आला की ते पुरते दबतात, आणि दबले की झाली फळी. काकांनी गादीवर हात मारून मला जे शिकवलं तेच त्यांना लागू झालं. मी त्यांना सांगायला गेलो तर त्यांनी डोळेच उघडले नाहीत. ओठ वाचणाऱ्या माणसाने डोळे मिटले की त्याच्याशी कुणी भांडू शकत नाही.

काकींना मी म्हणालो, हात काढायला सांगू का? त्या म्हणाल्या, “नको रे. वाजू दे. वाजलं की मला कळतं हे तिथे आहेत. थांबलं की मी भात लावते.”

पण मला चैन पडेना. कालच परत दुकानात जाऊन आलो. चष्मेवाला मला बघून आपणहून उठला, वही घेतली. म्हणाला, “बोला. वजन?”

“डावा चौदा किलो,” मी म्हणालो. “आणि उजवा चौदा किलो, अधिक एक काका.”

त्याने चष्म्याच्या वरून बघितलं. “काकांचं किती?”

मी म्हणालो, “भरपूर.” मग जीभ चावली आणि म्हणालो, “थांबा. उद्या काट्यावर नेतो त्यांना.”